पाठवणीची तिसरी फेरी

जळगावच्या एका शाळेत मी मुलांना कीबोर्ड शिकवते. गॅदरिंगच्या गाण्यांची नोटेशन्स कॉम्प्युटरवर तयार करणं हेही माझंच काम. ते सॉफ्टवेअर मला चांगलं येतं. कडवं एकदा लिहायचं, मग ते निवडायचं, निळं झालं की कॉपी करायचं आणि पुढे हवं तितक्या वेळा पेस्ट करायचं. मुलांच्या गाण्यांत प्रत्येक कडवं सारखंच असतं, त्यामुळे यात कधी काही बिघडलं नाही.

वडिलांचे काका धुळ्याला असतात. त्यांना आम्ही नाना म्हणतो. चाळीसेक वर्षं ते लग्नाच्या बँडमध्ये कलारनेट, म्हणजे क्लॅरिनेट, वाजवत होते. मी इंग्रजी शाळेत शिकत असताना हे कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं, की ‘नाना म्युझिक टीचर आहेत’ असं मी म्हणायचे. हे इथे लिहून टाकते, कारण पुढचं समजायला ते लागेल.

मागच्या वर्षी नानांचे पुढचे दात हलायला लागले. डॉक्टरांनी सगळेच काढायला सांगितले. कवळी लावून कलारनेट वाजत नाही, ओठांखाली दाब लागतो. तेव्हा नानांनी वडिलांना फोन केला: दात जायच्या आधी पाठवणीची चाल लिहून घ्यायची आहे, पोरीला धाडून दे.

ही चाल नानांची स्वतःची. मुलगी सासरी निघते तेव्हा त्यांचा बँड ती तीनदा वाजवायचा. एकदा दारात, एकदा गल्लीच्या तोंडाशी, एकदा गाडीपाशी. तिसरी फेरी संपली की ड्रायव्हर गाडी सुरू करायचा. त्यांच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. आमच्याकडची लग्नं मी हॉलच्या आतल्या खुर्चीत बसून पाहिली होती.

रविवारी दुपारी मी त्यांच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले. फोन रेकॉर्डिंगवर लावला. नानांनी पहिली फेरी वाजवली. शेवटी चाल ‘रे’ वर येऊन थांबली. मी रेकॉर्डिंग बंद केलं, कारण फोनमध्ये जागा कमी होती आणि माझी साडेचारची बस होती. नाना डोळे मिटून दुसरी फेरी वाजवत होते, तेव्हा मी पहिली लिहीत होते. मधूनमधून मान वर करून त्यांच्याकडे बघायचे, म्हणजे ऐकते आहे असं वाटावं. तिसऱ्या फेरीच्या शेवटी चाल खाली घसरून ‘सा’ वर बसली, ते मला ऐकू आलं. अगदी स्पष्ट ऐकू आलं. मला वाटलं, दात हलतायत, दम पुरला नसेल, म्हणून चुकले. मनातल्या मनात मी ती चूक सुधारली, पहिली फेरी कॉपी केली आणि दोनदा पेस्ट केली.

“लिखाई गयं का बठ्ठं?” नानांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

“हो नाना, सगळं लिहिलं.”

“वाजाडी दाखाड.”

मी पहिली फेरी वाजवून दाखवली आणि थांबवलं. म्हटलं, “पुढचंही आलंय.” त्यांनी लॅपटॉपकडे आदराने पाहिलं. मी झाकण लावलं. बस मिळाली.

बँडमधल्या कोणालाच पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. मी पाठवलेले कागद तसेच राहिले. सॉफ्टवेअरने वाजवलेली फाइल मात्र प्रत्येकाच्या मोबाइलवर गेली आणि नानांच्या जागी आलेला कलारनेटवाला ती ऐकून चाल शिकला.

तीन महिन्यांनी नानांच्याच नातीचं लग्न झालं. नाना कवळी लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पाठवणीची वेळ आली. दारात चाल वाजली, गल्लीच्या तोंडाशी वाजली. नानांनी मान थोडी वाकडी केली. गाडीपाशी तिसऱ्यांदा वाजली आणि पुन्हा ‘रे’ वर थांबली. ड्रायव्हर शेवटच्या ‘सा’ची वाट बघत चावीवर हात ठेवून तसाच बसला. मुलगी आत, दार उघडं, तिची आई दार धरून. रडणाऱ्या बायकाही थांबल्या. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौथ्यांदा सुरू केलं.

“अरे भाऊ, पोरीले जाऊ देतस का नही?” मागून एक म्हातारी ओरडली. लोक हसले.

“अक्का, नवरदेवलेच परत धाडी द्या!” दुसऱ्या कोणीतरी भर घातली.

शेवटी कोणीतरी गाडीच्या टपावर थाप मारली, तेव्हा ती निघाली. मुलीचं तोंड मला काचेतून दिसलं. ती रडत नव्हती, गोंधळली होती.

नानांनी कलारनेटवाल्याला जवळ बोलावलं. तो म्हणाला, “नाना, तुमची फाइल आहे तशीच वाजवली. शंभरदा ऐकलीय.”

नाना म्हणाले, “मंग मनीच चूक व्हई. दात हालेत ना तवय.”

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते, हातात अक्षतांची रिकामी वाटी. तेव्हा बोलता आलं असतं. मी वाटी ठेवायला आत गेले.

पुढच्या रविवारी धुळ्याला गेले. नानांना सगळं सांगितलं. दुसरी आणि तिसरी फेरी मी लिहिलीच नव्हती, नीट ऐकलीही नव्हती, पहिलीच पुढे चिकटवली होती. शेवटचा ‘सा’ ऐकू आला, ती तुमची चूक समजले, हेही सांगितलं. हे सांगताना मला मराठी शब्द सापडेनात आणि इंग्रजीत बोलायची लाज वाटली.

नाना म्हणाले, “मंग मना तोंडकडे काय देखी ऱ्हायंती तू?”

काकू, म्हणजे नानांच्या सूनबाई, चहा ठेवून गेल्या. तो दोघांनीही घेतला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी दुसरी फेरी गुणगुणली. कवळीमुळे सूर फुटत होते, पण ती मला लिहिता आली. तिसरी त्यांना गळ्यातून येईना. दोनदा सुरू करून सोडली. मग त्यांनी पेटीतून कलारनेट काढलं, तोंडाला न लावता मांडीवर उभं धरलं आणि बोटं चालवली. आवाज नाही, फक्त भोकांवर बोटं आणि चाव्यांची टकटक. मी बोटांकडे बघून लिहीत गेले. कुठला सूर ते कळत होतं. तो किती लांबवायचा, श्वास कुठे घ्यायचा, ते सगळीकडे कळत नव्हतं.

“नाना, अजून एकदा?”

त्यांनी कलारनेटचे तुकडे सोडवले, एकेक पुसून पेटीत ठेवला. “आते नही,” म्हणाले.

फाइलमध्ये आता पहिली फेरी आहे, दुसरी आहे, आणि तिसरीतले जेवढे सूर नक्की दिसले तेवढे. बाकीचे बार, म्हणजे नोटेशनमधले खण, मी रिकामे ठेवलेत.

परवा कलारनेटवाल्याचा फोन आला. नवीन फाइल मिळाली, पण मधेमधे आवाजच नाही म्हणाला. मी म्हटलं, तिथलं मला माहीत नाही, तुम्ही नानांपाशी बसा.

“मग ताई, आधीच्या फाइलीत सगळं भरलेलं कसं काय होतं?”

तो खरंच विचारत होता. मी खिडकी लावून घेतली, बसले, आणि त्याला सुरुवातीपासून सांगितलं.