सुखरामच्या पाच बकऱ्या

चिखल्याच्या खाणीत सुखराम छताला आधाराच्या लाकडी बल्ल्या लावायचा. एक पुरेल तिथे दोन लावणारा सावध माणूस! पण मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, चिंचेखालच्या दगडावर वाघ-बकरीचा डाव मांडला की हाच सुखराम उधळ्या व्हायचा. निदान बघ्यांना तसं वाटायचं. काय गर्दी जमायची तिथे तेव्हा!

कोळशाने आखलेल्या रेघा, तीन काळे खडे म्हणजे वाघ, पंधरा चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघ बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारून तिला खातो. सहा खाल्ल्या की वाघवाला जिंकला. त्याआधी वाघांच्या सगळ्या वाटा बंद झाल्या तर बकरीवाला. बकऱ्या कायम सुखरामच्या. वाघ आंबागडच्या टिकारामचे. तो भाजी विकून थेट दगडावर यायचा. पंच्याहत्तर सालापासून हीच जोडी.

अर्ध्या डावात वाघ कोपऱ्यात सापडायचे. आता डाव सुखरामचाच, असं म्हणेपर्यंत तो खुशाल एक बकरी मरू द्यायचा. मग दुसरी. पाच जायच्या, बघ्यांचा जीव टांगणीला लागायचा, आणि तेवढ्यात वाघ बंद! त्याची बायको शकुनबाई म्हणायची, "जिंकता खरं, पन पाहणाऱ्याचा जीव घेता." सुखरामचं म्हणणं एवढंच, की जाणारी बकरी वाचवायला गेलं की बंद केलेली वाट उघडते. पण हे तो कुणाला सांगत बसला नाही. बोलण्यात गडी कच्चाच.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर बिनसलं. टिकारामने पाचवी बकरी खाल्ली आणि कुणीतरी खिदळलं, "खा गा टिकाराम, सुखराम पंगत वाढून राहिला!"

टिकारामचा चेहरा उतरला. "मले भीक घालून राहिला का तू? काहून देतेस बकऱ्या?" खडे भिरकावून तो उठला.

पुढचे सहा मंगळवार तो भाजी विकून परस्पर घरी गेला. सुखराम दगडावर एकटाच बसायचा. जेवण जाईना, कामात लक्ष लागेना. असा मित्र पुन्हा कुठून आणायचा?

सातव्या मंगळवारी त्याने टिकारामची सायकलच धरली. "बस गा. आज एकही बकरी देत नाई. शप्पत."

वाघ नेहमीसारखेच कोपऱ्यात सापडले. एक बकरी वाघाच्या तोंडी आली. एरवी सुखरामने ती सोडली असती. आज शपथ होती. वाट अडवणारी दुसरी बकरी उचलून त्याने तिच्या पाठीशी नेली, आणि त्या फटीतून वाघ सुटला. सुखराम घामाघूम होऊन, जीव तोडून लढला. तरी सहावी गेलीच.

टिकाराम पहिल्यांदा जिंकला होता. बघ्यांनी गलका केला. तो मात्र पटाकडेच बघत होता. मग त्या मोकळ्या घरावर बोट ठेवून म्हणाला, "इथून सुटलो मी."

सुखरामने मान हलवली.

टिकारामने चिंचोके गोळा करून त्याच्यापुढे सरकवले. "मांड गा पुन्हा. अन् तुह्या पद्धतीनं खेळ."

अठ्ठ्याऐंशीला सुखराम खाणीतून निवृत्त झाला, तोवर टिकाराम पुन्हा एकदाही जिंकला नाही, आणि त्याचा एकही मंगळवार चुकला नाही.