हुकल्यावर धावणारा गडी

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा दुष्काळ होता आणि मी आमच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान होतो. नांदेडच्या क्लबने अदलाबदल सुचवली. त्यांचा नेमबाज आम्हाला, आमचा एक अबोल खेळाडू त्यांना. ठरवण्याआधी पारख म्हणून नेमबाज दोन दिवस आमच्या सरावाला आला आणि सगळे भारावले.

मैदानाशेजारच्या हौदात रोज एक ड्रायव्हर टँकर रिकामा करायचा. पाईप धरून तो आमचा खेळ बघत उभा राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच माझ्याजवळ आला.

"नवा गडी लई हुशार हाय," तो म्हणाला, "पर सोताचं हुकलं की दुसऱ्यावर डोळे काढतो. तुमचा गडी दुसऱ्याचं हुकलं तरी चेंडूमागं धावतो."

मी नांदेडला नकार कळवला. संघ माझ्यावर चिडला.

मराठवाड्याच्या ढालीसाठी अंतिम सामना नांदेडशीच पडला. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो आणि माझा नेम हुकला. रिंगवरून उडालेला चेंडू आमच्या अबोल गड्याने झेप घेऊन पकडला आणि तिथूनच जाळीत टाकला. आम्ही जिंकलो.

त्या रात्री मी संघाला ड्रायव्हरचं बोलणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळा संघ ढाल घेऊन हौदावर गेला. ड्रायव्हरने ओले हात पँटला पुसले, ढाल क्षणभर छातीशी धरली आणि त्या अबोल गड्याच्या हातात दिली.