‘सहन होतंय का?’ असे न विचारणारे हंजगीकर सर

कर्नल रेवणसिद्ध हंजगीकर सरांची आणि माझी पहिली भेट गोळीबाराच्या मैदानावर झाली आणि ती काही गोड झाली नाही. मी चाचणी विभागात नुकतीच रुजू झालेली अभियंता. लष्करासाठी बनणाऱ्या निरनिराळ्या बंदुकांचा मागे बसणारा धक्का यंत्राने मोजायचा, हे माझे काम. मी मोठ्या झोकात आकडे वाचू लागले, तर सरांनी मध्येच थांबवून विचारले, “गाव कुठलं?” मी म्हणाले, “सोलापूर.” “सोलापुरात कुटं?” त्या ‘कुटं’वरूनच कळले, साहेब आपल्याकडचे. नवी पेठेत वडिलांचे कापडाचे दुकान आहे म्हटल्यावर ते हसले. “मग कापड हातात घेतल्याबिगर त्याचा भाव सांगता का तुमी? हिला बी आदी खांद्याला लावून बगा, मग आकडं सांगा.” त्या दिवशी मी थोड्याफार गोळ्या झाडल्या आणि संध्याकाळी वेणी घालायला हात वर जाईना. सरांचा असा राग आला होता म्हणून सांगू!

सर अक्कलकोट तालुक्यातल्या शेतकरी घरातले. घरात कानडी, शाळेत मराठी आणि पलटणीत हिंदी-इंग्रजी, अशा चारही भाषा त्यांना सारख्याच येत. मात्र मन हलले की बाकीच्या बाजूला पडत आणि गावची मराठी तेवढी उरे.

ज्यांना बंदुकीतले कळत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण सरांचे मोठेपण त्याशिवाय कळायचे नाही. मोठे काडतूस लांब मारते; लहान काडतुसे जवानाला त्याच वजनात कितीतरी जास्त नेता येतात. बंदूक हलकी केली की वाहणाऱ्याचे ओझे कमी होते, पण धक्का झेलायला तिच्या अंगात वजनच उरत नाही आणि तो सगळा माणसाच्या खांद्यावर येतो. हलक्या खुर्चीत जाडा माणूस धपकन बसला की खुर्ची मागे सरकते, तसलाच हा प्रकार. डोंगरातल्या ठाण्यावर असताना लहान गोळी दरीपलीकडे पोहोचेपर्यंत थकते, हे सरांनी स्वतः पाहिले होते. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: काडतूस मोठे, पण एका माणसाने उचलून डोंगर चढावा इतकी हलकी मशिनगन. त्यासाठी त्यांनी किती दारे झिजवली ते त्यांचे त्यांना ठाऊक. अखेर तशी मशिनगन तयार होऊन चाचणीला आली. पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा सरांनी तिच्यावरून असा हात फिरवला की आम्ही सगळे दुसरीकडे बघू लागलो.

चाचणी झकास चालली. प्रत्येक जवानाला विचारले जाई, “धक्का सहन होतो का?” आणि प्रत्येक जण छाती पुढे काढून सांगे, “होतो साहेब!” अधिकारी खूश, कारखान्याची माणसे खूश. पेढ्यांची भाषा सुरू झाली होती. खूश नव्हते ते एकटे सर. लक्ष्याच्या फळ्यांवर भोके कमी का, हा प्रश्न त्यांना छळत होता.

ते मंगळवेढ्याकडच्या एका नाइकाजवळ जाऊन बसले. मी शेजारीच होते. सरांनी त्याला शर्टाची बटणे काढायला लावली. खांदा निळा-काळा पडला होता. “दुखतंय?” “न्हाय साहेब. सहन होतंय की. लई बेस बंदूक हाय.” सर म्हणाले, “सहन व्हायचं सोड. आवरती का?” नाईक खाली बघू लागला. “खरं सांगू का साहेब? पयली गोळी माजी. फुडच्या तिच्या.”

आमची चूक त्या क्षणी उघडी पडली. शिपाईगड्याला ‘सहन होते का’ असे विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणेल तरी कसा? तो प्रश्न बंदुकीचा राहतच नाही, त्याच्या मर्दपणाचा होतो. सरांनी सगळी चाचणी पुन्हा घेतली. या वेळी जवानांना आधी पाठीवर ओझे देऊन चालवले आणि प्रश्न बदलला: “आवरते का?” उत्तरे भराभर बदलली.

सरांनी अहवालात स्वच्छ लिहिले: एवढेच वजन हवे तर काडतूस लहान घ्या, काडतूस हेच हवे तर आतल्या भागांना मागे सरकायला जास्त वाव द्या, म्हणजे धक्का एकदम न बसता पसरून उतरेल. आहे त्या रूपात ही मशिनगन जवानाच्या हाती देऊ नये. त्यांचे वरिष्ठ मराठीच होते. ते कळवळून म्हणाले, “हंजगीकर, हे तुमचंच लेकरू. त्याच्या गळ्याला तुम्हीच नख लावता?” सरांच्या तोंडून गावची भाषा आली. “लेकरू माजंच हाय, साहेब. पन घरचं खोंड मारकं हाय, हे ठाऊक असताना ते दुसऱ्याच्या दावणीला कसं बांदू?” ते काम तिथेच बंद पडले. पुढे सरांची बढती हुकली. ती यामुळेच हुकली असे मी लिहिले तर सर रागावतील, म्हणून लिहीत नाही.

त्याच सुमारास माझ्या घरी वेगळेच युद्ध चालू होते. बंदुकांच्या नोकरीतल्या मुलीला स्थळ कोण देणार, या काळजीने वडिलांनी माझ्या राजीनाम्याचा हट्ट धरला होता. स्वतःचे स्वप्न नुकतेच मोडलेले असताना सर सुट्टीत सोलापूरला आले ते थेट आमच्या दुकानात. गादीवर मांडी घालून वडिलांशी कानडीत पिकापाण्यापासून गप्पा सुरू केल्या, चादर घेतली आणि उठता उठता म्हणाले, “अप्पा, तुमची पोरगी बंदूक विकत न्हाई. बंदूक खोटं बोलली तर तिला धरती.” वडील पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना कापड कमी आणि हेच जास्त ऐकवत होते. माझी नोकरी टिकली. आज नव्या मुलामुलींना मी जे शिकवते, ते सगळे सरांचेच आहे.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या समितीने मला कळवले होते, ‘कर्नलसाहेबांच्या नावावर कोणती बंदूक आहे ते अवश्य लिहावे.’ मी सरांनाच विचारले. ते म्हणाले, “एक बी न्हाई. तसंच लिव्हा.” म्हणून तसेच लिहिते आहे, आणि अभिमानाने ऊर भरून लिहिते आहे.

सर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्या हातून अजून पुष्कळ बंदुका घडायच्या आहेत, आमचा जीवही त्यांच्यात तसाच गुंतणार आहे, आणि अशा वेळी ‘नको’ म्हणायचे बळ आम्हाला तुमच्याकडे बघूनच येणार आहे.