एक दिवस आधी कापलेलं गवत

सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडायचा, असं आमच्या अमरावतीत ठरलं. चुलतभावाच्या आधी आपलं नाव व्हावं म्हणून मी शहाणा आदल्या दिवशीच एकटा विळा घेऊन गेलो. सरकारला आधी कळवायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. मला चोरीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं जाऊन त्याच कुरणात विळा चालवणारा भाऊ सत्याग्रही ठरला.

अकोल्याच्या तुरुंगातून आम्ही एकाच सकाळी सुटलो. दारात बायका त्याला ओवाळत होत्या. मीही मान पुढे केली.

"तू काहून मधात येऊन राहिला रे गवतचोरा?" काकू म्हणाली.

गळ्यात मावेनात तेव्हा भावानं चार हार काढून मला दिले. धरायला. मी जळत जळत ते स्टेशनापर्यंत वाहिले.