अलिबागची कोरडी शर्यत

खोपोलीला आगगाडीतून उतरलो तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, "अहो, पोहायला जायचं तर मुठा काय वाईट होती? एवढा घाट उतरून माझी कंबर कशाला मोडता?" हे नुसते हसले. आमचे हे पुण्यात शाळेत ड्रिलमास्तर, आणि पोहणं म्हणजे जीव की प्राण. पावसाळ्यात नदीला पूर आला की लकडी पुलावरून उडी टाकणाऱ्यांत पहिले हेच, आणि घरी येऊन निमूटपणे माझी बोलणी खाणाऱ्यांतही हेच पहिले.

पण या खेपेचं कारण मोठं होतं. जगातल्या सगळ्या देशांचे खेळाडू जिथे जमतात त्या सामन्यांना हिंदुस्थानातून एक पोहणारा जायचा होता, आणि त्याची निवड अलिबागच्या समुद्रात व्हायची होती. किनाऱ्यावरून निघायचं आणि समोरच्या कुलाबा किल्ल्याला हात लावायचा. जो पहिला, तो बोटीने परदेशी. दोन वर्षं हे पहाटेच्या अंधारात नदीवर जात होते ते याचसाठी. सासूबाई म्हणायच्या, "लग्न झालेल्या माणसाला हे काय सुचतंय!" मीही त्यांच्या सुरात सूर मिळवायची. पण निघायच्या दिवशी देवापुढे साखर ठेवली ती मीच.

पेणपर्यंत मोटार-लॉरी, धरमतरच्या खाडीवर तर (माणसं पलीकडे नेणारी होडी), आणि पुढे पुन्हा मोटार. अंगातलं एकही हाड जागेवर राहिलं नाही. अलिबागेत शिरलो आणि नारळी-पोफळीच्या सावलीने जिवाला जरा बरं वाटलं. काशीकाकू नावाच्या बाईंची खानावळ होती, तिथे उतरलो. त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. बिरड्यात ओलं खोबरं असं सढळ हाताने घातलेलं, की पुण्यात तेवढ्यात आमचं महिन्याचं भागेल.

जेवून तसेच समुद्रावर गेलो. पाणी किल्ल्याच्या बुरुजांना भिडलेलं, आणि हे लहान मुलासारखे बघत उभे. "वा! काय पाणी आहे गं!" जवळच एक कोळीण काठ्यांवरचे सुके बोंबील काढून टोपलीत भरत होती. बायजा तिचं नाव. मी कौतुकाने तिला सांगितलं, की उद्या सकाळी नऊला इथून किल्ल्यापर्यंत पोहण्याची शर्यत आहे आणि आमचे हे तीत आहेत.

बायजाने टोपली खाली ठेवली. "नव वाजतां? तवा त सुकती (ओहोटी) हाय बाय. पानी कुठं? आमी त चालत जाताव गनपतीला."

मला वाटलं, थट्टा करते आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "काहीतरीच! एवढा समुद्र जाईल कुठे?" पुण्याच्या माणसाला नदी ठाऊक. नदी कुठे जात नाही.

माझ्या मनातून ते जाईना. मी तडक शर्यतीचे स्थानिक चिटणीस अण्णा वकील यांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते.

"ठाऊक आहे हो वहिनी," ते म्हणाले. "अलिबागच्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे."

"मग वेळ बदला ना!"

"वेळ अध्यक्षांनी ठरवली आहे. रावबहादूर आहेत ते. मुंबईहून कार्यक्रम छापून आणलाय. नऊला शर्यत, मग किल्ल्यात गणपतीचं दर्शन, भोजन, आणि तिसऱ्या प्रहरी रेवसहून लाँच. आता त्यांना 'तुमचं चुकलं' म्हणून सांगायचं कोणी?"

"तुम्ही!"

वकिलांनी झोपाळा थांबवला. "मी? माझी सरकारी वकिलीची नेमणूक त्यांच्याच हातात आहे हो. समुद्राचं काय, तो आज गेला तर उद्या येईल."

कपाळ माझं! मी तशीच परत फिरले.

सकाळी किनाऱ्यावर गेलो आणि पाहते तर समुद्र खरोखरच नाहीसा झालेला. काळसर ओल्या वाळूत कुर्ल्यांची बिळं, मधून मधून घोट्याएवढी डबकी, आणि पार पलीकडे किल्ला कोरडाठाक. किनाऱ्यावर पताका लावलेल्या, बँड वाजतोय, आणि तयारीत पाच पोहणारे. त्यांत एक अध्यक्षांचे भाचे. गोरटेला, विशीतला मुलगा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पोहायला बूट!

अध्यक्ष म्हणजे पगडी, उपरणं आणि पोट. त्यांनी दूरवर नजर टाकली आणि म्हणाले, "पाणी किंचित कमी दिसतंय."

"किंचितच," अण्णा वकील म्हणाले.

"हरकत नाही. वेळ म्हणजे वेळ. साहेबलोक वेळ पाळतात म्हणून जिंकतात." एवढं बोलून, शेवटाला निकाल द्यायला हजर राहावं म्हणून, अध्यक्ष वकिलांना घेऊन बैलगाडीत बसून किल्ल्याकडे निघाले. मागच्या गाडीत जिलबीची परात आणि आचारी. पोहण्याच्या शर्यतीचे परीक्षक समुद्रातून बैलगाडीने गेलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. घुंगरांचा आवाजसुद्धा ऐकला आहे.

शिट्टी झाली. चौघे जण धूम पळत सुटले. भाचेबुवा बुटांमुळे सगळ्यांच्या पुढे, कारण इतरांच्या अनवाणी पायांना कालवं (खडकाला चिकटलेले धारदार शिंपले) लागत होती. आमचे हे जागचे हलले नाहीत.

"अहो, धावा!" मी ओरडले. आजूबाजूला माणसं होती, पण मला भान कुठे होतं!

"ही पोहण्याची शर्यत आहे," हे म्हणाले.

"असेल! पण निकाल लागणार तो पळण्यावरच! दोन वर्षं मरमर मेलात, आता पाय उचला की!"

हे शांतपणे वाळूत मांडी घालून बसले. "चालत पहिला आलो तर तिकडे परदेशात काय चालून दाखवू? पाणी आलं की पोहीन."

मला असा संताप आला म्हणून सांगू! हा माणूस जन्मभर असाच. मी लुगड्याचा ओचा वर खोचला आणि तरातरा स्वतःच किल्ल्याकडे निघाले. म्हटलं, यांना जमत नसेल तर मी सांगते त्या रावबहादुरांना, की बाबा, शर्यत पुन्हा घ्या.

दरवाजात पोचले तेव्हा भाचेबुवांच्या गळ्यात हार पडला होता. निकाल लागलाही होता. मी अध्यक्षांपुढे उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "बाई, आधी दर्शन, मग भोजन, मग बघू." मी देवळात जाऊन गणपतीला हात जोडले. संकष्टी होती, मला उपास. अध्यक्षांना उपास सोसत नाही म्हणून त्यांनी जिलबी खाल्ली, आणि मग देवळासमोरच्या सावलीत पगडी उशाशी ठेवून ते जे घोरायला लागले, ते बँडलाही ऐकू गेलं असेल. मी ते जागे व्हायची वाट बघत पायरीवर बसले.

गाडीवाले येऊन सांगून गेले, "चला सायेब, भरती लागली." अण्णा वकिलांनी ओठांवर बोट ठेवलं. साहेबांची झोप मोडायची कोणी? गाडीवाले शहाणे. बैल जुंपून आचाऱ्याला आणि भांड्यांना घेऊन चालते झाले. बघे गेले, बाकीचे तीन पळणारेही गेले. राहिलो आम्ही चौघं: अध्यक्ष, वकील, भाचेबुवा आणि मी.

अध्यक्षांना जाग आली तेव्हा समुद्र परत आला होता. चारी बाजूंनी लाटा तटावर आपटत होत्या.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले, जणू पाण्याने त्यांची परवानगी घ्यायला हवी होती. "माझी लाँच! आज रात्री मुंबईत मेजवानी आहे! तिथे निवड जाहीर करायची आहे!"

वकील तटावर चढून उपरणं हलवायला लागले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना वाटलं, मंडळी खुशीत आहेत. त्यांनीही डोक्यावरचे रुमाल काढून हलवले. वकिलांनी दोन्ही हात हलवले, त्यांनीही दोन्ही हात हलवले. मला एवढ्या रागातही हसू फुटलं.

आणि तेवढ्यात मला पाण्यात एक डोकं दिसलं. हात लांब टाकत, लाटेवर वर येत, लाटेखाली जात, हे येत होते. नदीवर मी यांना कधी पोहताना पाहिलं नव्हतं, बाईमाणूस कशाला जाते बघायला! घाई नाही, धडपड नाही. दोन वर्षं मी ज्याला खूळ म्हणत होते ते हे होतं. मी तटावरून ओरडले, "आलात! आलात!" ह्यांनी दरवाजाच्या दगडाला हात लावला आणि मग धापा टाकत वर आले.

"फारच उशीर झाला तुम्हाला," अध्यक्ष म्हणाले.

हे केसांतलं पाणी झटकत राहिले.

"पण बरं झालं आलात. आता असंच परत पोहत जा आणि कोळ्यांना सांगा, होडी आणा म्हणावं. तातडीचं आहे."

ह्यांनी पंचा नसल्यामुळे हातांनीच तोंड पुसलं. "जातो की. पण हिंदुस्थानचे निवडलेले पोहणारे इथेच उभे आहेत. त्यांना पाठवलंत तर लवकर होईल."

सगळ्यांनी भाचेबुवांकडे पाहिलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आणि बुटांतले पाय मागे ओढून घेतले. "मामा," ते पुटपुटले, "मला... खोल पाण्याची सवय नाही."

मग हे वळले आणि पुन्हा पाण्यात शिरले. अध्यक्षांसाठी नव्हे. जाताना मला म्हणाले, "तू उपाशी आहेस. इथे चंद्रोदयापर्यंत बसशील काय?"

थोड्या वेळाने पडाव (मोठी होडी) आला. बायजाचा नवराच वल्ही मारत होता. भाचेबुवा दोन्ही हातांनी फळी धरून बसले, आणि अध्यक्ष वाटभर मला सांगत होते, "तुमच्या यजमानांचं नाव पुढच्या खेपेला नक्की." लाँच चुकली ती चुकलीच, पण निकाल बदलला नाही. कार्यक्रम छापलेला होता ना!

परतीच्या वाटेवर धरमतरची खाडी आली, घाट आला. मी एकदाही टोचून बोलले नाही. खिडकीतून बाहेर बघत होते, आणि माझ्याच मनाला खात होतं, की मीच यांना "धावा" म्हणून ओरडले होते.

पुढे भाचेबुवांचा पुण्यात सत्कार झाला, तोही ह्यांच्याच शाळेत. मुलांना रांगेत उभं करायचं काम अर्थातच ड्रिलमास्तरांचं. "कुलाब्याच्या खवळलेल्या दर्याशी झुंज" वगैरे भाषणं झाली. सत्कार संपल्यावर भाचेबुवा हार हातात घेऊन ह्यांच्याजवळ आले, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, बोट सुटायला अजून थोडे दिवस आहेत. मला पोहायला शिकवाल?"

घरी येऊन ह्यांनी हे सांगितलं तेव्हा माझं पोळपाटावरचं लाटणं तसंच राहिलं. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"उद्या पहाटे या म्हणालो."

मी त्यावर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याच्या छातीवर हिंदुस्थानचं नाव असेल गं. साऱ्या जगासमोर ते बुडालेलं मला नाही बघवणार."

धाकटे भावजी ज्याच्या आधाराने पोहायला शिकले तो वाळका भोपळा माळ्यावर होता. मीच काढून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे, लोक काय म्हणतील ते म्हणोत म्हणून, मी पहिल्यांदा नदीच्या घाटावर गेले. हिंदुस्थानचा निवडलेला पोहणारा पाठीला भोपळा बांधून डोहात हातपाय झाडत होता, आणि आमचे हे त्याच्या पोटाखाली हात धरून सांगत होते, "पाय मारा, घाबरू नका, मी आहे."

खरं तर मला हसू यायला हवं होतं. मी पायरीवर बसून पदराने डोळे पुसत राहिले. डोहाला पाणी मात्र भरपूर होतं.