कामतघरच्या बालवाडीची खोली

सर्व्हेच्या ड्युटीवर जाऊन आलेल्या मास्तर मंडळींना चहाला बोलावू नये. चहा संपतो, कप गार होतात, पण आमच्या गोष्टी संपत नाहीत! लोकांच्या दारात उभं राहून "तुम्ही कसं राहता?" असं विचारत फिरलं, की दुसरं काय होणार?

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. भिवंडीत आणि आसपासच्या गावांत लोक कसे राहतात, पाणी-वीज-शाळा काय मिळतं, ते पाहायचं काम आम्हा तिघांवर आलं. मी टेमघरच्या शाळेतली बाई, दिघाशीचे पाटील गुरुजी आणि सकीना मॅडम. मॅडम इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, मराठी माझ्यापेक्षा झणझणीत! या पाहणीवरून एक बालवाडी मंजूर होणार होती. ती कामतघरच्या चाळीतच व्हावी, असा मॅडमचा हट्ट.

तो का, ते मला त्याच चाळीतल्या लक्ष्मीअक्काच्या दारात कळलं. अक्का तेलुगू, घरी बसून लूमवाल्यांसाठी, म्हणजे यंत्रमागवाल्यांसाठी, कांड्यांवर सूत भरायची. तिची तीन वर्षांची पोर कमरेला सुताची दोरी बांधून खाटेच्या पायाला अडकवलेली.  मॅडमनी तडक गाठच सोडली.

पोर सुटली ती थेट शेजारच्या लूमच्या दाराकडे! आत पट्टे फिरतायत, धोटे उडतायत. मॅडमनी धावत जाऊन तिला उचलली.

अक्का हातातली कांडी न सोडता म्हणाली, "आता तुमीच बांधा, मॅडम."

*

दिघाशीत पाटील गुरुजींना सगळं गाव ओळखतं. तरी त्यांनी एका आजीला गंभीरपणे विचारलं, "आजी, पाणी कुठून आणता?"

"तुला ठाव न्हाय? हितंच वाढलास ना?"

"ठाऊक आहे, पण विचारावं लागतं."

"मंग चल, दावते."

आजी पुढे, गुरुजी मागे. येताना भरलेला हंडा गुरुजींच्या डोक्यावर! मान मोडायची वेळ आली बिचाऱ्यांची. हंडा उतरवून घेत आजी म्हणाली, "आता लिव्ह. लांब हाय."

*

मॅडमच्या मोहल्ल्यातल्या एका गल्लीत ज्याला विचारावं तो सांगे, "टीव्ही? है ना!" आम्ही थक्क. एवढी सुबत्ता! घरात डोकावलं तर टीव्ही कुठेच नाही. शेवटच्या घरात एकदाचा सापडला, विणलेल्या रुमालाखाली.

मी घरच्या खालांना, म्हणजे मावशींना, म्हटलं, "म्हणजे टीव्ही तुमच्या एकटीचाच."

"छे हो बाई, टीव्ही सगळ्यांचा," खाला म्हणाल्या. "माझं फक्त लाइटबिल!"

*

कामतघरच्या त्याच चाळीत लूम कामगारांची एक खोली होती. मी विचारलं, "यहाँ कितने लोग रहते हैं?"

त्यांच्यातले वडीलधारे रामधनीचाचा म्हणाले, "कौन सी शिफ्ट के, मॅडम?"

निम्मे रात्री कामावर, निम्मे दिवसा. एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा आडवा. अंथरूण गार व्हायची सोयच नाही!

गुरुजींना प्रश्न पडला. "शुक्रवारी लूम बंद असतात. तेव्हा सगळे एकदम आले तर?"

"तब आधे लोग पिक्चर जाते हैं, गुरुजी!"

*

बालवाडी मंजूर झाली, पण मंजुरी देणाऱ्या साहेबांनी अट घातली. जागा तुम्ही दाखवा, नाहीतर बालवाडी दुसरीकडे जाईल. आता चाळीत रिकामी खोली आणायची कुठून? मॅडमचा चेहरा पडला. तेवढ्यात रामधनीचाचा म्हणाले, "हमारी खोली ले लो."

रात्रपाळीवाले दिवसा माळ्यावर झोपतील, खाली मुलं बसतील. साहेब पाहायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, खाली पोरं दंगा करणार, वर ही माणसं झोपणार कशी? चार दिवसांत मारामाऱ्या होतील!"

दारात अक्का पोरीला कडेवर घेऊन उभी होती. तिच्याकडे बघवेना.

"साहब, हम लूम के बगल में सोनेवाले लोग," चाचा म्हणाले. "शोर से नींद नहीं टूटती. लूम बंद पड़े, तब आँख खुलती है."

साहेबांना पटलं नाही. "महिनाभर चालवा. मी न कळवता येईन. कोणाची झोपमोड झालेली दिसली, तर बालवाडी बंद!"

आणि खरंच, एका दुपारी ते दारात येऊन उभे राहिले. खाली पोरं बेंबीच्या देठापासून गाणं म्हणत होती, ताटल्या बडवत होती. सगळ्यात मोठा आवाज अक्काच्या पोरीचा, आणि दोरी कुठेच नाही! वर माळ्यावर सगळे ढाराढूर. साहेब बघतच राहिले.

तेवढ्यात पोरांनी साहेबांना पाहिलं. सफारी, काळा चष्मा, कडक चेहरा. सगळी एकदम चिडीचूप!

माळ्यावरचं घोरणं थांबलं. एक डोकं वर आलं, मग दुसरं, मग सगळी रांगच उठून बसली. रामधनीचाचा डोळे चोळत खाली वाकले.

"क्या हुआ? लाइट गई क्या?"

साहेब घाईघाईने पोरांकडे वळले आणि दोन्ही हात हलवत म्हणाले, "अरे ओरडा, ओरडा!"