आतोबांची एकच शेगडी

आमच्या आतोबांइतका दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा माणूस सोलापुरात आजवर झाला नाही, आणि ते नाक बाजूला झाल्यापासून माझ्या हातून एकही नवी वस्तू निघाली नाही. यातला पहिला भाग सगळ्या पेठेला ठाऊक आहे. दुसरा मी आजवर कुणाला सांगितला नाही. उलट मागे एकदा पेठेतल्या मंडळींनी ‘भात्याच्या ट्रंकेचे जनक’ म्हणून मला नारळ आणि उपरणं दिलं, तेव्हा मी मान खाली घालून दोन्ही घेतलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण उपरणं चांगलं होतं.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे नातेपुत्याकडचे, पण उमर गेली होटगीला, रेल्वेच्या मालधक्क्यावर. तिथे गुळाच्या ढेपा, कातड्यांचे गठ्ठे, औषधाच्या बाटल्या आणि एखाद्या नाटक कंपनीचा गुंडाळलेला राजवाडा, असं सगळं एकाच छपराखाली खेटून पडलेलं असे. ते बघून बघून त्यांच्या मनाने घेतलं, की एवढा परका माल जर इतका गुण्यागोविंदाने राहतो, तर कारागिरांनी निरनिराळ्या बोळांत तोंड लपवून का बसावं? नोकरी सुटल्यावर त्यांनी सोलापूर स्टेशनाजवळचं सरकीचं एक रिकामं गोदाम घेतलं, पत्रे नीट करून घेतले, आणि आत जागा द्यायला सुरुवात केली. भाडं नावाला. पण भाड्याच्या जागी ज्या अटी होत्या त्या ऐकून पुष्कळजण दारातूनच परत गेले. उरलो तिघं. नरसप्पा शिंपी, बाजाच्या पेट्या करणारे हुसेनभाई, आणि ट्रंका करणारा मी. मी नात्यातला म्हणून पळून जाऊ शकलो नाही.

पहिली अट शेगडीची. अख्ख्या गोदामात शेगडी एकच, आणि ती मधोमध. आता शिंप्याला इस्त्रीत घालायला निखारे लागतात, पेटीवाल्याला सरस वितळवायला विस्तव लागतो, आणि मला पत्र्याचे सांधे डाखाने जोडायचं लोखंड तापवायला लागतो. तिघांनाही लागतो तो नेमका एकाच वेळी. हुसेनभाईंचा सरस उतू जाऊन नरसप्पाच्या निखाऱ्यांवर पडे आणि त्या दिवशी इस्त्री केलेल्या सगळ्या सदऱ्यांना जळक्या सरसाचा वास येई. मी एकदा काकुळतीला येऊन म्हणालो, “आतोबा, मी माझ्या पदरची दुसरी शेगडी आणतो.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरी आत्या आणतो म्हणालो होतो. “आन की,” ते म्हणाले, “मग आपल्या शेगडीशी आपणच बोलत बस. अरे, इस्तवाजवळ उभा राहिलेला माणूस उगा गप बसत न्हाय. काय तरी बोलतोच. त्या बोलण्याचं भाडं घेतो मी.”

दुसरी अट अमावास्येची. त्या दिवशी कारागीर हत्यारांना विसावा देतात, नवं काम धरत नाहीत. आतोबांनी हे हेरलं होतं. हात रिकामे, माणसं रिकामी, तेव्हा दर अमावास्येला तिघांनी आपापला पसारा उचलून दुसऱ्याच्या जागी जायचं. खिडकीजवळचा दाराजवळ, दाराजवळचा भिंतीजवळ. “अमावास्येला बिऱ्हाड हलवतंय का कोन?” असं नरसप्पा दर वेळी विचारी, आणि आतोबा दर वेळी म्हणत, “म्हनून तर जागा मिळतीया.” या फिरतीमुळे आमची गिऱ्हाइकं वेडी झाली. एक गृहस्थ कोट शिवायला म्हणून आले, नेहमीच्या जागी गेले, आणि वर न बघता मला छाती मोजू दिली. मी मोजलीही. माझ्याजवळ फूटपट्टी होती.

तिसरी अट म्हणजे आतोबा स्वतः. हातात तपकिरीची डबी घेऊन ते दिवसभर फिरत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर उभे राहून विचारत, “कुटं अडलंय?” काही अडलेलं नाही असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडे. “मग तू काम करत न्हाईस. नुस्ते हात हलवतूस.” अडलेलं सांगितलं की चेहरा उजळे, पण उपाय सांगायची मुभा त्या धंद्यातल्या माणसाला नसे. ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही त्याने आधी बोलायचं. हुसेनभाईंची एक पेटी कुठून तरी वारा सोडत होती आणि छिद्र काही सापडेना. आतोबांनी नरसप्पाला उभं केलं. नरसप्पा म्हणाला, “पापण्यांना बारीक वारा बी गार लागतो बघा.” त्याने डोळे मिटले, भात्याभोवती तोंड फिरवलं आणि एका कोपऱ्यावर थांबला. छिद्र तिथेच होतं. त्या दिवसापासून हुसेनभाई पेटी तपासताना डोळे मिटत, आणि गिऱ्हाइकांना वाटे, काय तल्लीन माणूस आहे. आत्या म्हणायची, “तव्यावरच्या भाकरीला सुदिक इचारत्यात, कुटं अडलंय म्हनून. आनि उत्तर चुलीनं द्यायचं.”

भात्याची ट्रंक निघाली ती या आत्यामुळेच. ती जेऊरला लेकीकडे गेली होती. येताना लेकीने शेंगा, कुरड्या, सांडगे आणि एक अख्खी गोधडी दिली, आणि जाताना सुखाने मिटलेली ट्रंक येताना मिटेना. सुतळीने आवळून, वर हात दाबून धरून आत्या गाडीतून उतरली. दुसऱ्या दिवशी आतोबांनी ती ट्रंक आणून शेगडीजवळ ठेवली आणि म्हणाले, “हिचं अडलंय.”

“मोठी ट्रंक घ्या,” मी म्हणालो.

“तुला कुनी इचारलं? तू ट्रंका करतूस. तू गप बस.” ते वळले. “नरसप्पा?”

नरसप्पा निखारे भरत होता. “परकराला चुण्या ठेवतो की आपन,” तो म्हणाला, “पोरगी वाढली की सोडायला. हिला पन ठेवा.”

“चुण्या नक्को जी,” हुसेनभाई सरस ढवळता ढवळता म्हणाले, “भाता लगाव. पसरला तर पसरला, दबला तर दबला.”

मग आतोबा माझ्याकडे वळले. “आता बोल. पत्र्याला कापड धरंल का?”

धरेल, असं मी म्हणालो. या सगळ्यात माझं म्हणण्यासारखं एवढंच आहे, हे कृपा करून नोंदवून ठेवा. खालचा डबा आणि वरचं झाकण मी केलं. मधला घडीचा भाता हुसेनभाईंनी पुठ्ठा घालून बसवला, त्यावरचं जाड कापड नरसप्पाने शिवलं. पहिली ट्रंक तयार झाली तेव्हा आत्याला मुद्दाम बोलावलं. तिने ती शिगोशिग भरली, झाकण लावलं आणि दाबायला वर बसली. ट्रंक खाली जाईना. हुसेनभाईंनी सवयीप्रमाणे वाऱ्याला कुठे वाटच ठेवली नव्हती. आत्या आणखी रेलली, तेव्हा कुलपाच्या भोकातून एक लांबलचक आवाज निघाला आणि तो आत्या उठेपर्यंत चालू राहिला. नरसप्पा आणि मी शेगडीत बघू लागलो. हुसेनभाई तेवढे मान तिरकी करून सूर ऐकत होते. “काळी चार,” ते अभिमानाने म्हणाले. आत्या पदर सावरून तरातरा निघून गेली. आतोबा हसून हसून तपकीर सांडेपर्यंत वाकले, आणि त्यातूनच त्यांनी विचारलं, “आता कुटं अडलंय?”

“वारा कोंडलाय,” नरसप्पा म्हणाला. “हिला एक काजं पायजे की.” आणि त्याने भात्याला मागच्या अंगाला बटणाचं काजं करून दिलं. झालं.

ती ट्रंक स्टेशनवर दिसायचा अवकाश, बायाबापड्या विचारत विचारत गोदामापर्यंत आल्या. माहेराहून परत निघालेल्या कुठल्या बाईची ट्रंक मिटते? मागणी वाढली, आणि माझ्या ट्रंकेबरोबर मीही फुगलो. मला काजंही नव्हतं. गिऱ्हाईक ट्रंकवाल्याकडे येतं, शिंप्याकडे नव्हे, आणि “ही युक्ती तुमची का?” असं कुणी विचारलं की मी नुसता हसत असे.

त्या सुमारास दुसऱ्या पेठेतला एक ट्रंकवाला आमच्याकडे आला. आतोबांच्या गोदामाला दार होतं, पण ते लावलेलं मी कधी पाहिलं नाही. तो शेगडीजवळ हात शेकत उभा राहिला, आणि आतोबांनी स्वतःच्या हाताने त्याला भाता उघडून, मिटून, काजं बोटाने दाखवून सगळी ट्रंक समजावून दिली. वर चहा पाजला. तो गेल्यावर मी तडकलो. “आतोबा, तो शिकून गेला.”

“जाऊ दे की. जाताना काय तरी सांगून बी गेला असंल.”

सांगून गेलाच होता. कोपऱ्याचा पत्रा कापू नका, दुमडा, म्हणजे गंज धरत नाही, असं तो सहज बोलून गेला होता. मी पुढे जन्मभर कोपरे दुमडले, आणि हेही कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागेभोवती तरटाचा पडदा बांधला. आणि एक शेगडी विकत आणली.

माझ्या पडद्याने हुसेनभाईंचा उजेड अडला, म्हणून त्यांनी पसारा पलीकडे नेला आणि वाऱ्याने भुसा उडू नये म्हणून फळ्या ठोकल्या. नरसप्पा मधे एकटाच उरला, तेव्हा त्याने पाठीशी एक कपाट उभं केलं. हळूहळू तिघांच्या तीन शेगड्या झाल्या. भांडण मात्र झालं नाही. भांडायलाही समोरासमोर यावं लागतं. पुढे पेठेत बोलणं झालं, की म्हाताऱ्याच्या लुडबुडीला कंटाळून कारागिरांनी भिंती घातल्या. आतोबांच्या कानावर ते गेलं. मी समोर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पत्रा मोजू लागलो. ते बोलणं खोटं होतं. कंटाळलं कुणीच नव्हतं. पहिला पडदा माझा होता, आणि तो हावेचा होता.

मग अमावास्या आली. आतोबा दारात उभे राहून सवयीने म्हणाले, “चला, उचला.” तरट, फळ्या, कपाट. उचलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेव्हा त्यांनी आपली स्वतःची खुर्ची उचलली, दाराजवळून मधोमध नेली, आणि विझलेल्या शेगडीसमोर बसले. पुढच्या अमावास्येला ती खुर्ची नरसप्पाच्या कपाटामागे गेली, त्याच्या पुढच्या वेळी हुसेनभाईंच्या फळ्यांपाशी. जागा बदलणारे आता ते एकटेच होते.

फिरत फिरत एके अमावास्येला ती खुर्ची माझ्या पडद्याशी आली. मी आत बसलो होतो. पहिल्या ट्रंकेपेक्षा मोठी, लग्नाच्या आहेरासाठी दोन भात्यांची ट्रंक मी करायला घेतली होती, आणि तिचं झाकण बसत नव्हतं. एका बाजूने दाबलं की दुसरी वर येई. कितीतरी दिवस मी तिच्याशी एकटाच झगडत होतो. तरटापलीकडे तपकिरीची डबी उघडल्याचा आवाज झाला. मग ते खाकरले.

“दत्तू, आत येऊ का?”

आपल्याच गोदामात, माझ्या आत्याचे यजमान, मला विचारत होते.

“काय काम होतं?” मी म्हणालो.

“काम न्हाय.” डबी टक्कन मिटली. “कुटं अडलंय का?”

“नाही, आतोबा.”

“बरं,” ते म्हणाले. मी नुसते हात हलवतोय, असं या वेळी म्हणाले नाहीत. मग खुर्ची उचलल्याचा आवाज आला. पावसाळ्यानंतर ते वारले, आणि गोदाम पुन्हा सरकीवाल्यांनी घेतलं.

दुकान पुढे चाललं, मोठंही झालं. पण जन्मभर मी तीच एक ट्रंक करत राहिलो. ती दोन भात्यांची मात्र अजून माझ्या खाटेच्या पायथ्याशी आहे. झाकण बसत नाही म्हणून सून तिच्यात जुन्या चादरी कोंबते. शिंपी नाही, पेटीवाले नाहीत, आणि ज्यांना सांगायचं ते तर केव्हाच गेले. तरी अमावास्येला मी ती ट्रंक ओढत खोलीच्या मधोमध आणतो आणि झाकणावर बसून बघतो. एका बाजूने दाबली की दुसरी वर येते. तिथेच अडलंय, आतोबा.